मूल सतत थकलेलं? गोड गोळ्यांआधी रक्त तपासा



"ताई, पोरगी गुणाची आहे हो. कोणात मिसळत नाही, एवढंच." लालबागच्या एका चाळीत एका आईने मला हे सांगितलं. मुलगी आठ वर्षांची, तिसरीतली. शाळेतून आली की दप्तर टाकून भिंतीकडे तोंड करून पडायची. तीन जिने चढताना दुसऱ्यावर बसून घ्यायची. मैत्रिणी खाली लंगडी खेळायच्या, ही कठड्यावरून बघायची. शाळेतल्या बाई म्हणायच्या, लाजाळू आहे. आजी म्हणायची, माझ्यावर गेलीय.

शेजारणीच्या सांगण्यावरून तिला होमिओपॅथीच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. साबुदाण्यासारख्या, गोड. सात महिने झाले होते. आई दादरला चार घरची धुणीभांडी करून त्यासाठी दर महिन्याला पैसे बाजूला काढत होती.

त्या आईला मी नावं ठेवणार नाही. मोठ्या रुग्णालयात जायचं म्हणजे कामाचा खाडा, केसपेपरची रांग आणि डॉक्टरांपुढे दोन मिनिटं. इथे डॉक्टरांनी पाऊण तास बसवून घेतलं. मूल अंधाराला भितं का, झोपेत डोक्याला घाम येतो का, सगळं विचारलं. आपलं इतकं ऐकून घेतलेलं कुणाला आवडणार नाही? पण त्या पाऊण तासात एक गोष्ट राहून गेली. रक्ताची तपासणी.

गोळीत काय असतं?

होमिओपॅथी जर्मनीच्या सॅम्युएल हानेमान यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी मांडली. लाजऱ्या, लवकर थकणाऱ्या मुलांना त्यात बहुतेक वेळा कॅल्केरिया कार्ब, सिलिशिया किंवा बरायटा कार्ब देतात. कॅल्केरिया कार्ब कालवाच्या शिंपल्यापासून बनतं, सिलिशिया म्हणजे वाळूत असते ती गारगोटी.

बाटलीवर '३०' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ समजून घ्या. मूळ औषधाचा एक थेंब ९९ थेंब पाणी-अल्कोहोलमध्ये घालून हलवायचा. त्या मिश्रणातला एक थेंब पुन्हा नव्या ९९ थेंबांत. असं ३० वेळा. बाराव्या वेळेच्या आसपासच मूळ पदार्थाचा एक कणही उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. पुढच्या अठरा वेळा पाण्यातच पाणी मिसळलं जातं. ते साखरेच्या गोळीवर टाकून वाळवतात. म्हणजे मुलाच्या जिभेवर साखर येते.

या पद्धतीला आपल्या देशात कायद्याची मान्यता आहे. १९७३ साली तसा केंद्रीय कायदा झाला. पण मान्यता असणं वेगळं आणि गुण येणं वेगळं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं की, होमिओपॅथी खात्रीने गुणकारी ठरते असा एकही आजार सापडला नाही.

"पण आमच्या पोराला फरक पडला!" असं तुमच्यातल्या काही जणी म्हणतील. थकवा रोज सारखा नसतो, तो कमीजास्त होतो. फार वाढला की आपण औषध आणतो, आणि तो उतरायचाच असतो तेव्हा श्रेय गोळीला जातं. शिवाय औषध चालू झालं की आई मुलाच्या जेवणाझोपेकडे जास्त लक्ष देते. गुण त्याचा येतो.

गोळी स्वतः अपाय करत नाही. अपाय करतात ते वाया गेलेले महिने.

थकव्याची नेहमीची कारणं

पहिलं कारण पंडुरोग, म्हणजे रक्त कमी असणं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी शंभरात सुमारे ६९ मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. पाच वर्षांखालच्या मुलाचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली, आणि पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचं ११.५ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. रक्त मेंदूला आणि स्नायूंना प्राणवायू पोचवतं. ते कमी पडलं की मूल खेळत नाही, बोलत नाही, वर्गात पेंगतं. आपण म्हणतो, स्वभावच तसा. खालची पापणी ओढून आत बघा, पांढरट दिसते का? माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खातं का? ही लोह कमी असल्याची खूण असू शकते.

दुसरं कारण पोटातले जंत. तिसरं क्षयरोग. घरात कुणाला टीबी असेल, किंवा मुलाला दोन आठवडे खोकला किंवा ताप असेल, वजन घटत असेल, तर थांबू नका. थायरॉइडही मुलाला सुस्त करतो. आणि सगळं नीट निघालं, तरी मूल गप्पच असेल तर त्याला जवळ घेऊन विचारा: शाळेत कुणी चिडवतं का, जातीवरून बोलतं का, मारतं का? याचं औषध कुठल्याच बाटलीत नाही. त्यासाठी आपल्यालाच शाळेत जावं लागतं.

मी कुठे चुकले

त्या मुलीच्या बाबतीत मीही चुकले. पापणी पांढरी दिसली, मी म्हटलं लोह कमी आहे, सिरप सुरू करा. तीन आठवड्यांनी गेले तर तसूभर फरक नाही. त्या दिवशी ती गॅलरीत उन्हात बसली होती. घरातल्या ट्यूबलाइटखाली जे दिसलं नव्हतं ते उन्हात दिसलं. डोळे पिवळसर होते. मग मी आजीला घरची माहिती विचारली. सासर-माहेर दोन्ही वर्धा जिल्ह्यातलं. आजीचा भाऊ चौदाव्या वर्षी "काविळीने" गेला. आणि मुलीचे हातपाय पावसाळ्यात इतके दुखायचे की ती रात्रभर रडायची. घरात त्याला "वात" म्हणत. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

तपासणीत हिमोग्लोबिन ७.८ निघालं आणि आजार निघाला सिकलसेल.

सिकलसेल म्हणजे काय?

या आजारात रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पेशी फुटल्याने रक्त कमी होतं आणि डोळे पिवळे होतात. अडकल्याने हाडं दुखतात. भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सापडला. विदर्भात तो आदिवासींबरोबर आपल्या समाजातही बराच आढळतो. यात लाजेचं काही नाही आणि कुणाचं पापही नाही. ज्या भागात मलेरिया फार होता, तिथे हा दोष एकेरी असलेली माणसं मलेरियातून जास्त वाचली, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, म्हणून कळतच नाही. लग्न मोडेल या भीतीने लोक लपवतात, आणि किंमत पोटचं मूल मोजतं. नागपूरच्या संपत रामटेके यांनी या आजाराविषयी लोकांना जागं करण्यात आयुष्य घातलं. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता काय करायचं?

मूल महिनाभर थकलेलं दिसलं की महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात न्या आणि स्वतःहून म्हणा, "सीबीसी करा." घरचं मूळ विदर्भात असेल, डोळे पिवळे असतील किंवा हाडं दुखत असतील तर म्हणा, "सिकलसेलची तपासणी करा." साधी सोल्युबिलिटी चाचणी दोष आहे एवढंच सांगते, मूल वाहक आहे की आजारी, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने कळतं. यासाठी आपल्याला नागपूर गाठायची गरज नाही. १९५७ साली सुरू झालेली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही रक्ताच्या आजारांवर काम करणारी सरकारी संस्था परळलाच, केईएमच्या आवारात आहे. वाडिया बालरुग्णालय तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

नुसतं लोह कमी निघालं तर डॉक्टर देतील ते सिरप घ्या. शी काळी होते, घाबरू नका. हिमोग्लोबिन भरलं तरी डॉक्टर सांगेपर्यंत औषध सोडू नका. सकाळी चहा-बटर बंद करा, चहा लोह अंगी लागू देत नाही. मोडाची मटकी, मेथी, अळीव, सुकट, कलेजी, यातलं परवडेल ते द्या आणि वर लिंबू पिळा. सिकलसेल असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह देऊ नका. अशा मुलाला भरपूर पाणी पाजा, थंडीपावसात जपा आणि ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

गोड गोळ्या द्यायच्याच असतील तर मी हात धरणार नाही. पण आधी रक्ताचा कागद हातात घ्या आणि दुसरं औषध चालू असेल तर ते बंद करू नका.

ती मुलगी आता हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिडवर आहे. आजार गेलेला नाही. लंगडी फार वेळ खेळवत नाही, पण गॅलरीत बसून सागरगोटे खेळते आणि हरली की भांडते. तिचा आवाज किती मोठा आहे, ते चाळीला आत्ता कळलं.