डोंगरापलीकडे काय आहे?

'डॅगरफॉल' हा फँटसी गेम 1996 मध्ये आला, तेव्हा त्याचं जग ग्रेट ब्रिटनएवढं असल्याचा दावा बेथेस्डा कंपनीने केला होता. गावं, मंदिरं, भुयारं मिळून 15 हजारांहून अधिक ठिकाणं! एवढं हाताने रचणं अशक्य. म्हणून बहुतेक जग संगणकाने ठरावीक नियमांनुसार उभं केलं. पण दोन गावांमधल्या रानात पाहण्यासारखं फारसं काही नव्हतं. त्यामुळे नकाशावर गाव निवडायचं आणि थेट तिथे पोहोचायचं, हीच खेळाडूंची रीत झाली.

याच मालिकेतल्या 2002 च्या 'मॉरोविंड'चं बेट जेमतेम 25 चौरस किलोमीटरच्या आसपासचं, पण हाताने रचलेलं. दलदल संपते तिथे राखेचे माळ लागतात. कुठे झाडांएवढ्या अळंब्या, कुठे महाकाय खेकड्याच्या कवचातली वस्ती. मधोमध ज्वालामुखी असल्याने वाटा वळसे घेतात. पत्ता विचारला की लोक खाणाखुणा सांगतात. त्या शोधत चालणाऱ्याला हे चिमुकलं बेट अफाट वाटतं.

असं का होतं? संगणकनिर्मित रचनांच्या अभ्यासक केट कॉम्प्टन यांनी ओटच्या लापशीचं उदाहरण दिलं आहे. दहा हजार वाट्यांपैकी प्रत्येकीतला दाणा न् दाणा गणिताच्या दृष्टीने वेगळा असतो. खाणाऱ्याला मात्र सगळी लापशी एकच.

पर्यावरणशास्त्रातला एक सिद्धांतही इथे उपयोगी पडतो. अन्न शोधणारा प्राणी एखादी जागा कधी सोडतो? एरिक चार्नोव्ह यांनी 1976 मध्ये उत्तर मांडलं: तिथलं उत्पन्न आजूबाजूच्या सरासरीखाली घसरलं की. खेळाडूचं अन्न म्हणजे नावीन्य. ते वेगळेपणातून मिळतं, आणि ते आटलं की जग कितीही पसरलेलं असो, खेळाडू ते सोडून जातो.

मग अंतराचं काय? निन्टेंडोच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'च्या (2017) दिग्दर्शकांनी ठिकाणांमधली अंतरं जोखायला आपल्या ओळखीच्या क्योटो शहराचा नकाशा वापरला. भूभागात लहानमोठे त्रिकोणी उंचवटे पेरले. उंचवटा दिसला की चढायचं की वळसा घालायचं, हे खेळाडूने ठरवायचं. आणि पलीकडचं दृश्य हळूहळू उलगडत जातं. इथे दोन ठिकाणांमधला मोकळा पट्टाही कंटाळवाणा होत नाही, कारण पुढचं काहीतरी सतत खुणावत असतं.

म्हणून जग मोठं करण्याआधी रचनाकाराने स्वतःला विचारावं: पुढच्या वळणावर खेळाडूला आधी न पाहिलेलं काय दिसेल? त्याचं उत्तर तयार असेल, तेवढंच जग वाढवावं.