निवडून आलेला न्यायाधीश

कोर्टाच्या कारकुनीत माझे केस पांढरे झाले. न्यायाधीश नेमले जातात, बदलून जातात, निवृत्त होतात, एवढेच मला ठाऊक. न्यायाधीश मतांवर निवडून येतो आणि मतांवरच घरी जातो, हे पाहायला २०१८ साली कॅलिफोर्नियात, सांता क्लारा काउंटीत लेकीकडे जावे लागले!

तिच्या जेवणाच्या टेबलावर मतपत्रिका पडली होती. प्रश्न होता: न्यायाधीश अ‍ॅरन पर्स्की यांना पदावरून दूर करावे काय?

पर्स्कींना २००३ साली गव्हर्नरांनी नेमले; पुढे दर सहा वर्षांनी मतदारांची पाळी. जानेवारी २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात एका विद्यार्थ्याने बेशुद्ध तरुणीवर अत्याचार केला. ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. सरकारी वकिलांनी सहा वर्षे मागितली. पर्स्कींनी सहा महिने दिले. तीन महिन्यांत स्वारी बाहेर!

लोक खवळले. तक्रारी न्यायाधीशांची वर्तणूक तपासणाऱ्या आयोगाकडे गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये आयोगाने सांगितले, की शिक्षा कायद्याच्या चौकटीत आहे, प्रोबेशन खात्याच्या शिफारशीला धरून आहे. गैरवर्तनाचा पुरावा नाही. त्याआधीच विधिमंडळाने कायदा बदलून अशा गुन्ह्याला तुरुंगवास सक्तीचा केला होता.

"मग आता त्यांना काढायचे कशाला?" मी म्हणालो. "शिक्षा मलाही तोकडीच वाटते. पण न्यायाधीश लाच खातो का, पक्षपात करतो का, हे पाहावे. निकाल आवडला नाही म्हणून खुर्ची काढली, तर पुढचा न्यायाधीश कायद्याच्या पुस्तकाआधी खिडकीबाहेर पाहील."

लेक शांतपणे म्हणाली, "बाबा, त्या मुलीच्या जागी मी असते तर?"

वाचकहो, मला उत्तर सुचले नाही.

५ जून २०१८ रोजी शेकडा साठांहून अधिक मते विरोधात पडून पर्स्की गेले. कॅलिफोर्नियात १९३२ नंतर असे प्रथमच घडले. पुढे एका अभ्यासात दिसले, की ही मोहीम जाहीर होताच तिथल्या इतर न्यायाधीशांच्या शिक्षा कडक झाल्या. म्हणजे पर्स्कींवरच्या रागाची किंमत भलत्याच आरोपींनी मोजली.

मतपत्रिकेचे पाकीट टाकायला आम्ही दोघे टपालपेटीपर्यंत चालत गेलो होतो. आत कोणती खूण होती, हे मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.