मराठवाड्यातून ब्रिजकडे: क्रूझ जहाजावरील डेक कॅडेटचे शिक्षण

प्रवासी जहाज बंदरातून सुटल्यापासून दुसऱ्या बंदराला लागेपर्यंत ते कोणत्या मार्गाने, किती वेगाने आणि किती सुरक्षितपणे न्यायचे याची जबाबदारी ज्या विभागावर असते त्याला डेक विभाग म्हणतात, आणि या विभागात अधिकारी होण्यासाठी जहाजावर प्रत्यक्ष काम करीत शिकणाऱ्या उमेदवाराला डेक कॅडेट म्हणतात. क्रूझ म्हटले की नांदेड-लातूरकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे रोषणाई, पोहण्याचे तलाव आणि सुट्टीवर निघालेली कुटुंबे येतात. अशा जहाजांवर भारतीय तरुण मोठ्या संख्येने दिसतात तेही बहुधा स्वयंपाकघर, भोजनगृह आणि खोल्यांची व्यवस्था पाहणाऱ्या हॉटेल विभागात. डेक कॅडेटची वाट मात्र बारावीच्या विज्ञान शाखेतून निघते, आणि ‘लातूर पॅटर्न’साठी राज्यभर नाव झालेल्या या पट्ट्यातच तिची माहिती फार थोड्या घरांत आहे, ही खेदाची गोष्ट आहे.

याचे एक कारण इतिहासात आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानाला त्या काळी स्वतःचा किनारा नव्हता. त्यामुळे कोकणातील कोळी-खारवी घराण्यांत सारंग, तांडेल, खलाशी अशी जी कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तशी परंपरा इकडे रुजण्याचा प्रश्नच आला नाही. तरीही किनाऱ्यापासून दूर असणे म्हणजे समुद्राला पारखे असणे नव्हे, हे शेजारच्या सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी दाखवून दिले. ते ज्या सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी होते, तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले, आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाजे भारतीय मालकीची झाली तरी ती चालविणारे अधिकारीही भारतीय हवेत, या मागणीतून १९२७ मध्ये मुंबईत ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. १९७२ मध्ये त्याची जागा ‘राजेंद्र’ने घेतली, आणि १९९३ पासून हे शिक्षण नवी मुंबईत किनाऱ्यावर उभारलेल्या ‘चाणक्य’ या संस्थेत दिले जाते, जी आता २००८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाचा भाग आहे.

प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय लागतात, आणि येथेच नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याची वाट बहुधा अडते, कारण वैद्यकीय प्रवेशाच्या ओढीने अकरावीतच गणित सोडून जीवशास्त्र घेणाऱ्या मुलामुलींना हा दरवाजा बंद होतो आणि तो बंद झाला हे त्यांना कोणी सांगतही नाही. गणित ठेवलेल्या विद्यार्थ्याने विद्यापीठाची सामाईक प्रवेश परीक्षा देऊन दोन मार्गांपैकी एक निवडावयाचा असतो: तीन वर्षांची नौकानयनशास्त्रातील बी.एस्सी. आणि त्यानंतर बारा महिने समुद्रावरील प्रशिक्षण, किंवा एक वर्षाची पदविका आणि त्यानंतर अठरा महिने समुद्रावर. रंगांधळेपणा असलेल्या उमेदवाराला डेक विभागात प्रवेश मिळत नाही, म्हणून अर्जाच्या आधी नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरकडून डोळे तपासून घेणे शहाणपणाचे ठरते.

रंगांचा हा आग्रह कशासाठी, हे रात्रीच्या ब्रिजवर कळते. जहाज जेथून चालविले जाते त्या उंचावरच्या कक्षाला ब्रिज म्हणतात, आणि बाहेरचे मंद दिवेही डोळ्यांना टिपता यावेत म्हणून रात्री तो मुद्दाम अंधारात ठेवलेला असतो. तेथील पहाऱ्याला वॉच म्हणतात. प्रचलित पद्धतीनुसार तो चार तासांचा असून मध्ये आठ तासांचा खंड असतो, आणि पहाटे चार ते आठच्या वॉचवर उभा असलेला कॅडेट अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली क्षितिज न्याहाळत असतो. प्रत्येक जहाजाच्या डाव्या कुशीला लाल आणि उजव्या कुशीला हिरवा दिवा असतो, त्यामुळे उजवीकडून आडव्या येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसला की वाट देण्याचे कर्तव्य आपले, हे त्याला क्षणात ओळखता आले पाहिजे. त्यानंतर तो त्या दिव्याची दिशा कंपासवर पुन्हा पुन्हा मोजतो, कारण अंतर घटत असताना दिशा बदलत नसेल तर दोन्ही जहाजे टकरीच्या मार्गावर आहेत असा त्याचा अर्थ होतो. रडार आणि इलेक्ट्रॉनिक नकाशा समोर असतानाही डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवण्याची सक्ती १९७२ च्या टक्करप्रतिबंधक आंतरराष्ट्रीय नियमांत आहे, आणि ते नियम कॅडेटला तोंडपाठ असावे लागतात.

मालवाहू जहाजावरील बहुतेक शिक्षण असेच असते. क्रूझ जहाजावर त्यात हजारो माणसांची भर पडते. २०२४ मध्ये सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर प्रवासी आणि कर्मचारी मिळून जवळजवळ दहा हजार माणसे मावतात, म्हणजे मराठवाड्यातले एखादे बाजाराचे मोठे गावच पाण्यावर चालते. म्हणून प्रवासी जहाजावर काम करणाऱ्या अधिकाऱ्याला गर्दीचे नियंत्रण आणि संकटकाळातील मानवी वर्तन यांचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि जहाज सोडण्याचा व आगीचा सराव, जो मालवाहू जहाजावर महिन्यातून एकदा होतो, तो येथे दर आठवड्याला करावा लागतो. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब असे स्वर म्हणजे सर्वांनी ठरलेल्या जागी जमण्याची सूचना होय. सगळे जीवरक्षक जाकिटे घालून जमल्यावर जहाज सोडण्याचा आदेश झाला की तीस मिनिटांत सर्व जीवनौका माणसांसह पाण्यात उतरविता आल्या पाहिजेत, असा नियम आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांचा हा सराव झालेला नव्हता. २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच तो घेणे बंधनकारक झाले. जीवनौकेचा आकडा, दोरखंड आणि संकटकाळी उडविण्याच्या दारूच्या नळ्यांवरील मुदतीची तारीख तपासून नोंद करण्याचे कंटाळवाणे वाटणारे काम कॅडेटकडे असते, आणि त्याच्या साऱ्या शिक्षणात याहून मोलाचे काम नाही.

टाक्यांतील पाण्याची पातळी नोंदविणे हाही त्याच शिक्षणाचा भाग आहे. समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी जहाजावरच तयार होते, परंतु अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी जहाजाबरोबर डुलून त्याचा तोल कमी करते, म्हणून कोठे किती पाणी आहे याचा हिशेब अधिकाऱ्यांना सतत ठेवावा लागतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्या लातूरने पाहिले, तेथील मुलाला पाणी मोजण्याचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही.

कष्ट पुष्कळ आहेत. चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यात सत्त्याहत्तर तास विश्रांतीचा नियम असला तरी वॉच संपल्यावर अभ्यास असतो, प्रशिक्षण नोंदवहीतील एकेक काम अधिकाऱ्याच्या सहीने पुरे करावयाचे असते, आणि सणवार घरापासून दूर जातात. मुलींनाही हा मार्ग खुला आहे. २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात सात मच्छीमारांना वाचविणाऱ्या कॅप्टन राधिका मेनन यांना पुढील वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळाला. समुद्रावरील मुदत पुरी झाल्यावर नौवहन महासंचालनालयाची लेखी व तोंडी परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला सेकंड मेटचे प्रमाणपत्र मिळते आणि तो थर्ड ऑफिसर म्हणून रुजू होऊ शकतो.

पालकांनी एक गोष्ट मात्र विसरू नये. क्रूझ जहाजांवर कॅडेटच्या जागा मोजक्याच असतात, बहुतेक भारतीय कॅडेट मालवाहू जहाजांवर शिकतात, आणि या टंचाईचा फायदा घेऊन जहाजावर जागा मिळवून देण्याचे आमिष दाखवणारे दलाल तालुक्याच्या गावापर्यंत पोचतात. नोकरी लावून देण्यासाठी खलाशी किंवा कॅडेटकडून पैसे घेण्यास कायद्याने मनाई आहे. तेव्हा शेत गहाण टाकण्यापूर्वी संस्थेला मान्यता आहे का आणि भरती करणाऱ्या कंपनीकडे परवाना आहे का, हे नौवहन महासंचालनालयाच्या यादीत स्वतः पाहावे, आणि नाव नसेल तर एक रुपयाही देऊ नये.