मरुभूमींतील वसंत

वसंत म्हटला कीं आम्रमंजरी, पळस आणि कोकिळेची साद हींच चित्रें आपल्या मनापुढें उभीं राहतात. परंतु जेथें कांटेरी झुडपांवांचून दृष्टीस फारसें कांहीं पडत नाहीं, अशा रुक्ष प्रदेशांतही वसंत येतो. आणि तो नदीचें बोट धरून येतो. अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांतून वाहणारी सॅन पेड्रो नदी हें याचें सुंदर उदाहरण होय.

ही नदी मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतांत उगम पावते आणि उत्तरवाहिनी होऊन सुमारें १४० मैलांनंतर गिला नदीस मिळते. तिच्यावर एकही मोठें धरण नाहीं. पात्र लहान, पाणी उथळ. तथापि तीरावर कॉटनवुड आणि वाळुंज यांची राई उभी आहे. मार्चमध्यें या वृक्षांस पोपटी पालवी फुटते. हिवाळी पाऊस चांगला झाला असल्यास आसपासच्या उतारांवर सोनेरी पॉपीचीं फुलें पसरतात; तीं उन्हांत उमलतात व सायंकाळीं मिटतात. आपल्या पडीक जमिनींत उगवणारा पिवळा धोत्रा याच कुळांतील, व तोही मूळचा मेक्सिकोकडचा!

याच सुमारास दक्षिणेकडून पाहुणे येऊं लागतात. शेंदरी माशीमाराचा नर पिसें फुलवून आकाशांत थरथरत राहतो व मादीचें मन वळवितो. ग्रे हॉक नांवाचा करडा शिकारी पक्षी उंच कॉटनवुडवर घरटें बांधतो. या खोऱ्यांत सुमारें ३५० जातींचे पक्षी आढळतात. पैकीं शंभरएक येथें संसार थाटतात, बाकीचे केवळ वाटसरू. कातड्याच्या लोभानें एकोणिसाव्या शतकांत नाहींसे केलेले बीव्हर १९९९ पासून पुन्हां आणून सोडण्यांत आले.

आतां वाचक विचारतील, एप्रिल ते जून या महिन्यांत तेथें पाऊस जवळजवळ पडत नाहीं, मग नदींत पाणी येतें कोठून? तें येतें भूगर्भांतून. हुआचुकादि पर्वतांवर पूर्वीं पडलेलें पाणी जमिनींत मुरून, फार सावकाश झिरपत पात्रास मिळतें. वसंताचें हें सारें वैभव त्या जुन्या ठेवीवर चालतें.

आणि संकट आहे तें येथेंच. खोऱ्यांतील वाढत्या वस्तीच्या खोल विहिरी तीच ठेव उपसतात. पाण्याची पातळी मुळांच्या आवांक्याखालीं गेली कीं कॉटनवुड वाळतो. त्याचें बीज थोडेच आठवडे जिवंत राहतें. तेवढ्यांत पुरानें भिजविलेली ओली माती लाभली नाहीं तर नवें रोपही उगवत नाहीं. १९८८ मध्यें अमेरिकन काँग्रेसनें नदीकांठची सुमारें ५७ हजार एकर भूमि संरक्षित केली. तरीही २००५ च्या जुलैंत चार्ल्स्टन येथील मापनस्थानीं प्रवाह प्रथमच शून्यावर आला. काठाभोवतीं कुंपण घालतां येतें, परंतु भूगर्भांतील पाण्यास कुंपण नसतें. दूरच्या विहिरीचा उपसा आज केला, तर त्याचा परिणाम नदीवर कित्येक वर्षांनीं दिसतो. म्हणून झाड वाळल्यावर जागें होणें हें उशिराचेंच ठरतें.

ज्यांच्या परसांत विहीर आहे, त्यांस याचा अर्थ निराळा सांगावयास नको.