कुकरमधला वाढदिवसाचा केक

घरी केक करायला ओव्हन लागतोच असे नाही. जाड बुडाचे भांडे, घट्ट बसणारे झाकण आणि मंद, कोरडी, सगळीकडून सारखी लागणारी उष्णता एवढे जमले की केक होतो. गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेच्या बाजूला असलेल्या चिचगडसारख्या गावात पहिल्यांदाच वाढदिवसाचा केक करू पाहणाऱ्याला कुकर किंवा जाड गंज (पातेले) हेच सोयीचे साधन. गॅसवर काम होते आणि मध्येच वीज गेली तरी अडत नाही. मैदा, साखर, दही, तेल या रोजच्या किराण्यातल्या वस्तू आहेत. बेकिंग पावडर आणि व्हॅनिला इसेन्स गावात न मिळाल्यास देवरीहून किंवा गोंदियाहून आधीच आणून ठेवावे. डबा जुना असेल तर चमचाभर पावडर कढत पाण्यात टाकून पाहावी; जोरात फेस आला तरच ती वापरावी.

महाराष्ट्रात केक बराच काळ बेकरीतूनच घरात येत असे. मुंबईत ग्रँट रोडला १९१४ साली सुरू झालेले मेरवान हे इराणी हॉटेल मावा केकसाठी प्रसिद्ध झाले, तर पुण्याच्या लष्कर भागातली १९५५ सालची कयानी बेकरी श्रुसबरी बिस्किटांबरोबरच मावा केकसाठी ओळखली जाते. भट्टी घरी नसल्यामुळे दिवाळीच्या आधी मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायचे आणि पत्र्याच्या डब्यात नानकटाई भरून आणायची, ही अनेक घरांची रीत होती. घरच्या केकचा मार्ग सोपा केला तो बेकिंग पावडरने. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने ती १८४३ मध्ये तयार केली. त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे, आणि यीस्टशिवाय फुगणारा पाव त्याला करायचा होता.

नवशिक्याने बिनअंड्याच्या दह्याच्या केकपासून सुरुवात करावी. अंड्याच्या स्पंजमध्ये सगळी भिस्त फेटण्यावर असते आणि हात बसेपर्यंत तो दगा देतो. दह्याचा केक बराच सोशिक आहे. प्रमाण असे: दीड कप मैदा, पाऊण कप साखर, एक कप ताजे घट्ट दही, अर्धा कप वास नसलेले तेल, सव्वा चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा, एक चहाचा चमचा व्हॅनिला आणि चिमूटभर मीठ. सगळे एकाच कपाने मोजावे. मैदा कपात दाबून भरू नये, कारण दाबलेला मैदा जास्त बसतो आणि केक कोरडा होतो. हा भाग धानाचा असल्याने तांदळाची बारीक पिठी घरात असतेच. दर कप मैद्यातले दोन मोठे चमचे काढून तेवढी पिठी घातली तर केक अधिक हलका होतो. त्याहून जास्त घातली तर तो भुगा होतो, कारण तांदळात ग्लुटेन नसते आणि केकचा सांगाडा बराचसा मैद्यातल्या ग्लुटेनवर उभा असतो.

आधी भांडे तयार करावे, पीठ नंतर कालवावे. कुकरची शिटी आणि झाकणाची रबरी रिंग काढून ठेवावी. आत वाफ कोंडता कामा नये. तळाला वाटीभर जाड मिठाचा थर पसरून वर जाळी किंवा स्टँड ठेवावा. पाणी अजिबात घालायचे नाही. कोरडे तापवल्याने कुकरचे बूड खराब होऊ शकते, म्हणून जुना कुकर किंवा जाड गंज घेणेच बरे. मीठ थंड झाल्यावर बरणीत भरून पुढच्या केकसाठी ठेवता येते, स्वयंपाकात मात्र वापरू नये. सहा-सात इंचांच्या ॲल्युमिनियमच्या डब्याला तेल लावून मैदा भुरभुरावा आणि तळाला कागद घालावा. मग कुकर मध्यम आचेवर दहा मिनिटे तापत ठेवावा.

केकचे बरे-वाईट ठरते ते यापुढच्या काही मिनिटांत. मैदा, पावडर, सोडा आणि मीठ दोनदा चाळून घ्यावे. दुसऱ्या भांड्यात दही आणि साखर इतकी फेटावी की बोटांत चोळल्यावर कण लागू नयेत; मग तेल आणि व्हॅनिला घालावे. दह्यातल्या आम्लाशी सोड्याचा संयोग झाला की लगेच कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो. काही पाककृतींत सोडा थेट दह्यात घालून फेस येईपर्यंत थांबायला सांगतात. त्यात बराच वायू डब्यात जाण्यापूर्वीच निघून जातो, म्हणून सोडा मैद्यातच असावा हे उत्तम. चाळलेला मैदा दोन-तीन भाग करून दह्यात घालावा आणि उलथन्याने खालून वर घेत हलकेच मिसळावा. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे. फार घोटल्याने ग्लुटेन ताणले जाते आणि केक चिवट होतो. मिश्रण चमच्यातून पट्टीसारखे सावकाश पडावे. घट्ट वाटले तर दोन चमचे दूध घालावे. डबा निम्म्याहून थोडाच जास्त भरावा आणि लगेच कुकरमध्ये ठेवावा.

झाकण लावून आच मंद करावी. साधारण पंचेचाळीस ते पन्नास मिनिटे लागतात. ओव्हन असेल तर १८० अंश सेल्सिअसला पस्तीस-चाळीस. पहिला अर्धा तास झाकण उघडू नये. या वेळात वायूचे बुडबुडे फुगत असतात, पण त्यांच्याभोवतीचे पीठ अजून शिजून घट्ट झालेले नसते. गार हवा लागली तर मधला भाग बसतो. पुढे मध्यभागी विणायची सुई खुपसून पाहावी. सुई कोरडी निघाली आणि केकने कडा सोडल्या म्हणजे तो झाला. कुकरमध्ये वरून धग लागत नसल्याने केकचा माथा फिकाच राहतो. त्यावरून कच्चा समजून आच वाढवली की बूड करपते.

डबा बाहेर काढल्यावर दहा मिनिटांनी कडेने सुरी फिरवून डबा ताटलीवर उपडा करावा. खालची सपाट, बदामी बाजू वर येते आणि सजावटीला तीच बरी पडते. केक पूर्ण गार झाल्याशिवाय वर काही लावू नये. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असताना क्रीम टिकत नाही, तेव्हा पिठीसाखर आणि काजूचे तुकडे पुरतात. एरवी पाव कप कढत दुधात किंवा सायीत शंभर ग्रॅम चॉकलेट विरघळवून ते कोमट झाल्यावर ओतावे. अनेक घरांत आधी औक्षण होते आणि मग केक कापला जातो. म्हणून मेणबत्त्या केकवर आयत्या वेळी लावाव्यात, नाहीतर मेण वर ओघळते.

केक बिघडला तर त्याचे कारण बहुधा त्याच्याकडे पाहूनच कळते. मध्ये खड्डा पडला तर झाकण लवकर उघडले असेल किंवा सोडा जास्त झाला असेल. साबणासारखी चव आणि पिवळट रंग आला तर सोडाच जास्त. माथ्याला भेग पडली तर आच मोठी होती, आणि तळाशी ओला चिकट थर राहिला तर मिश्रण पातळ होते किंवा भाजणे अपुरे झाले. बसलेला केक टाकून देण्याचे कारण नाही; कुस्करून, थोडे दूध शिंपडून त्याचे लाडू वळता येतात. चांगला झालेला केक घट्ट झाकणाच्या डब्यात थंडीत दोन दिवस राहतो. उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवावा किंवा फ्रिजमध्ये ठेवावा, आणि खाण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढावा.