घरचं मांजर, लेखांक ६ : लघवी तुंबते तेव्हा

भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या घरात मांजर लाडापेक्षा कोठीच्या राखणीसाठी जास्त पाळलं जातं. असं उंदीर मारून खाणारं मांजर पाण्याच्या भांड्याकडे क्वचितच फिरकतं. उंदराच्या अंगात ६५ ते ७० टक्के पाणी असतं, तेवढ्यावर त्याचं भागतं. त्याचे पूर्वज वाळवंटी मुलखातले. शिकारीतून मिळेल ते पाणी लघवी घट्ट करून वाचवायचं, ही त्यांची रीत. तहान मात्र मुळातच मंद.

आता तालुक्याच्या गावीही मांजरांच्या खाद्याची पाकिटं मिळतात. त्या कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम १० टक्के. मांजर वरून थोडं जास्त पाणी पितं, पण तूट भरून निघत नाही. त्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकलेला. आपला जुना दूधभातही तसा निर्दोष नाही. मांस खाणाऱ्या मांजराची लघवी आम्लधर्मी असते, धान्यावर पोसलेल्याची अल्कधर्मी होऊ लागते आणि अशा लघवीत स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे खडे जमतात. खारवलेल्या सुक्या मासळीवरच मांजर जगवणं तर नकोच.

म्हणून माझ्या मते खरा नैसर्गिक उपाय एकच : पाणी अन्नातूनच पोटात घालावं. चिकन किंवा मासळी मीठ, हळद, कांदा, लसूण न घालता शिजवावी आणि काटे काढून तिच्या पाण्यासकट द्यावी. कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. मात्र कायम फक्त उकडलेलं मांस पुरत नाही. रोजचं खाद्य पाकिटातलंच असेल तर ते भिजवून द्या. पाण्याची रुंद तोंडाची दोन-तीन भांडी खाण्यापासून दूर, सावलीत ठेवा.

लघवीच्या तक्रारी घेऊन आलेल्या तरुण मांजरांपैकी निम्म्याहून अधिकांत ना खडा सापडतो, ना जंतू. मूत्राशयाला सूज असते आणि तिच्यामागे बऱ्याचदा ताण असतो. घरात लग्नाची गर्दी, नवा कुत्रा, दुसऱ्या बोक्याची दादागिरी, एवढंही पुरतं. अशा मांजराला लपायला कोपरा, चढायला माळा आणि घाणीची स्वच्छ जागा हवी. जंतुसंसर्ग तरुण मांजरात विरळाच, त्यामुळे क्रॅनबेरीच्या गोळ्यांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. सराट्याचा, म्हणजे गोखरूचा, काढा आयुर्वेदात माणसाला देतात. मांजराला तो किती द्यावा आणि लागू पडतो का, याचा भरवशाचा पुरावा नाही. मी तो देणार नाही.

आता बोक्याविषयी. त्याची मूत्रनळी टोकाशी इतकी अरुंद असते की वाळूसारखे खडे किंवा चिकट गोळाही ती बंद करतो. बोका न्हाणीत पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो, मागचा भाग चाटतो. फरशीवर गुलाबी थेंब पडतो किंवा काहीच पडत नाही. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालं, आणि एरंडेल पाजलं जातं. तिकडे रक्तात पोटॅशियम साचत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, तेव्हा या वेळी ते घातकच. पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, मूत्राशय फुटू शकतं. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलही नको, त्याने मांजर मरतं.

इथे नळी घालून लघवी मोकळी करावी लागते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ती सोय आहे का, हे आजच विचारून ठेवा. नसेल तर नागपूर गाठावं लागेल. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. भंडारा शहरापासून नागपूर साधारण ६० किलोमीटर, पवनी-लाखांदूरकडून अंतर आणखी वाढतं. बोक्याला दिवसभर लघवी झाली नसेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच निघा.