गाठ मोठी की डोकं?

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘बाळाच्या फुप्फुसात गाठ दिसते’ एवढं वाक्य कानावर पडलं की घरातल्यांचं अवसान गळतं. ही गाठ सहसा कर्करोगाची नसते. फुप्फुसाचा एखादा भाग घडतानाच बिघडलेला असतो आणि अशी बहुतेक बाळं जन्मतः व्यवस्थित रडतात, श्वास घेतात. थोड्या बाळांत मात्र गाठ हृदयाला बाजूला सारते, परतीचं रक्त अडतं आणि पोटात, छातीत, कातडीखाली पाणी साचतं. उपचार झाले नाहीत तर असं बाळ सहसा वाचत नाही.

कोणाला हा धोका? फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील टिमोथी क्रॉम्बलहोम आणि सहकाऱ्यांनी २००२ साली त्यासाठी शाळकरी म्हणावं असं गणित मांडलं. गाठीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, पुन्हा ०.५२ ने गुणायचं आणि बाळाच्या डोक्याच्या घेराने भागायचं. समजा गाठ ४ बाय ३ बाय ३ आणि डोकं २२, उत्तर ०.८५. गाठ ५ बाय ४ बाय ४ असेल तर १.८९. उत्तर १.६ च्या वर गेलं, तर त्यांच्या पाहणीत ८० टक्के बाळांना पाणी साचलं. त्याखाली, आणि गाठीत एखादी मोठी पाण्याची पिशवी नसेल तर, हा धोका ३ टक्क्यांहून कमी होता.

पण एकदा काढलेला आकडा पुरत नाही. गाठ साधारण २५ ते २८ आठवड्यांपर्यंत वाढते, मग थबकते. बाळ वाढतच राहतं, म्हणून आकडा उतरतो. मोठ्या गाठीची सोनोग्राफी त्या काळात दर आठवड्याला, कधी दोनदाही करावी लागते. वेळेत कळलं तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन बारीक पिशव्यांची गाठ अनेकदा आवरते. मोठ्या पिशवीतलं पाणी नळी घालून काढता येतं.

नंदुरबारसारख्या दुर्गम जिल्ह्यात घोडं इथेच अडतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची मोफत तपासणी होते, ती चांगलीच आहे. पण या गाठीसाठी महिना फार लांबचा. धडगाव, अक्कलकुव्यातल्या काही पाड्यांवरून पावसाळ्यात बाईला झोळीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. दर आठवड्याला हे कोण करणार? माझ्या मते अशा आईची त्या चार-सहा आठवड्यांपुरती नंदुरबारात किंवा सुरतेत राहण्याची सोय करणं, हाच उपचाराचा पहिला भाग मानला पाहिजे.

रिपोर्टात गाठ निघाली तर डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: आकडा किती, आणि पुढची सोनोग्राफी कधी? जुने रिपोर्ट जपून ठेवा. बाळ सुखरूप जन्मलं तरी काही महिन्यांनी छातीचा सीटी स्कॅन करायचा असतो.